हलीम बघणारी आत्या

हैदराबादच्या काचीगुडा, कुतबीगुडा, सुलतान बाजार या पट्ट्यात मराठी घरं अजून टिकून आहेत. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा नांदेड-परभणीकडून कुणी नोकरीला आलं, कुणी शिकायला आलं, आणि १९५६ साली राज्यं वेगळी झाली तरी इथंच राहिलं. अशाच एका घरातली ही आत्या. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त शिक्षिका, जन्माची शाकाहारी, आता मधुमेहीही. आणि रात्र रात्र खाण्याचे सिनेमे, मालिका, व्हिडिओ बघणारी. भाची पुण्याहून नोकरीसाठी आलेली. माधापूरला व्हिडिओ संकलनाचं काम करते आणि त्यातलं निम्मं काम खाण्यापिण्याचंच असतं. म्हणजे जी बघते ती खाऊ शकत नाही, आणि जी बनवते तिला बघवत नाही. एका रविवारी दुपारी दोघींचं जे वाजलं, ते असं.

भाची : काल रात्री किती भाग बघितलेस?

आत्या : मोजते कोण? ‘शेफ्स टेबल’ लावलं होतं. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. मग झोप येईना म्हणून हलीमचा व्हिडिओ बघितला. दोघं जण देगेवर उभे राहून घोटतायत, घोटतायत. काय ताकद लागते गं!

भाची : आणि तुझ्या ताटात काय होतं?

आत्या : अर्धी भाकरी आणि दोडक्याची भाजी.

भाची : हेच मला कळत नाही. मटण तुला चालत नाही, साखर चालत नाही, तूप डॉक्टरांनी बंद केलंय. आणि तू मध्यरात्री बसून तुपात न्हालेलं मटण बघतेस. स्वतःला इतकं छळायचं कशाला?

आत्या : छळ कसला? बघण्याला पथ्य नसतं. माझी आई रात्री अंथरुणात पडून लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ वाचायची. १९१० सालचं पुस्तक, हजार पाकक्रियांचं. आमच्या घरात सात जन्मांत शिजणार नाहीत असे कितीतरी प्रकार त्यात. तरी वाचायची, कादंबरी वाचावी तशी. पुढे कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ आलं १९७० साली, ते मी तसंच वाचलं. वाटी-चमच्याची मापं वाचता वाचता डोळा लागायचा. तेव्हा कुणी म्हटलं नाही की बाई स्वतःला छळतेय.

भाची : पुस्तक तू मिटलंस की मिटायचं. ते तुझ्या मागे लागत नव्हतं. हे मागे लागतं, आणि तसं लागावं म्हणूनच बनवलंय. नेटफ्लिक्सने २०१२ साली सोय केली, एक भाग संपला की पुढचा आपणहून सुरू व्हायचा. २०१३ साली ‘हाउस ऑफ कार्ड्‌स’चे सगळे भाग एकदम ओतले. तेव्हापासून ‘आता पुरे’ म्हणायचं काम बघणाऱ्यावर आलं. पूर्वी ते काम वेळापत्रक करत होतं. झी टीव्हीवर १९९३ साली ‘खाना खजाना’ सुरू झालं तेव्हा संजीव कपूर आठवड्यातून एकदा यायचा आणि जायचा. मधल्या दिवसांत तू तो पदार्थ करून बघायचीस. बाबा सांगतात, तुझी वही होती.

आत्या : होती. अजून आहे, माळ्यावर. पण त्या वहीचे फार गोडवे गाऊ नकोस. पानंच्या पानं उतरवली आणि त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पदार्थ केले. बेकिंग पावडर मिळाली तर ओव्हन नाही, ओव्हन शेजारच्यांकडे असला तर ते गावाला गेलेले. वही लिहिणं हासुद्धा बघण्याचाच प्रकार होता. फक्त हात चालू असल्यामुळे आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

भाची : निदान हात तरी चालू होते! आणि तो माणूस समोर खरंच शिजवत होता. आता आमच्याकडे काय चालतं ते सांगू? हलीमचंच घे. हलीम दिसायला मातकट. गहू, डाळी, मटण दहा-बारा तास शिजवून घोटून एकजीव केलेलं, त्याला रूप कुठून येणार? कॅमेऱ्यासमोर ते मरतं. म्हणून वर तळलेला कांदा, काजू, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि तुपाची धार एकदम संथ गतीने. वाफ पटकन विरते, म्हणून ताटामागे गरम केलेला ओला कापूस लपवायचा. तळण्याचा ‘चर्र’ आवाज दुसरीकडेच रेकॉर्ड करून टाकायचा. आणि बारा तासांची घोटाई मी चाळीस सेकंदांत बसवते. त्याहून एक सेकंद जास्त झाला की लोक पुढे सरकतात. आत्या, तू ज्याच्यापुढे रात्र जागतेस तो अर्धा कापूस आहे.

आत्या : बरं, आणि रुखवतात काय असतं? साखरेचं तुळशीवृंदावन खायला मांडतात? चिरोट्यांची उतरंड, पापडांच्या कमानी, बोरांएवढे लाडू. सगळी बिऱ्हाडं येऊन डोळे भरून बघायची आणि नावं ठेवत घरी जायची. बघण्यासाठी अन्न मांडायचं हे काही तुमच्या माधापूरने शोधून काढलं नाही.

भाची : रुखवत मांडणाऱ्या बाईला तू ओळखायचीस. चिरोटा मोडलेला असला तर तो कुणाच्या हातून मोडला हेही तुला माहीत असायचं. तुझ्या त्या शेफला तू ओळखतेस का? आणि तो तुला?

आत्या : नाही ओळखत. पण ओळखीच्या माणसांचं काय सांगतेस? आता नीट ऐक. या भिंतीच्या पलीकडे एक मुसलमान कुटुंब राहायचं. वर्षानुवर्षं. रमजानात हलीमचा वास आमच्या देवघरापर्यंत यायचा. ईदेला शीरखुर्मा यायचा, तोही आमच्यासाठी नव्या पातेल्यात वेगळा शिजवलेला, तसं सांगून पाठवलेला. आम्ही दिवाळीला फराळ द्यायचो. प्रेम होतं गं, नव्हतं असं नाही. पण सगळी देवघेव उंबरठ्यावर. त्यांच्या स्वयंपाकघरात मी कधी पाऊल टाकलं नाही. आणि आमच्या आजीच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात त्यांना कुणी पाऊल टाकू दिलं नसतं. चाळीस-पन्नास वर्षं मला त्यांच्या चुलीचा वास ठाऊक आणि चूल कशी ते ठाऊक नाही. ती मला या पडद्याने दाखवली. हलीम म्हणजे मुळात अरबांचं हरीस, बारकस वस्तीतल्या अरबांनी आणलेलं, इथं आल्यावर त्यात आपले मसाले आणि डाळी शिरल्या, हे मला म्हातारपणी कळलं. त्याला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, भारतातल्या मांसाहारी पदार्थांत पहिलं, तेव्हा मला उगाच आनंद झाला. मी न खाल्लेल्या पदार्थाचा! हे शहर २०१९ साली युनेस्कोच्या यादीत खाद्यसंस्कृतीचं शहर म्हणून गेलं. त्या शहरात जन्म काढून त्याचं अर्धं ताट मी बघितलंच नव्हतं. आता बघतेय, तर तू मला कापूस दाखवतेस.

भाची : कापूस मागे घेते. पण एक विचारते. आपल्या घरात बघारे बैंगन कुठून आले? व्हिडिओ बघून?

आत्या : छे! आईला त्याच शेजारणीने शिकवले. गच्चीवर, भिंतीवरून. दाण्याचं कूट, तीळ, खोबरं तर आमच्या भरल्या वांग्यातही असतं. मसाला वेगवेगळा भाजून बारीक वाटायचा आणि चिंचेत मुरवायचा, एवढं तिने सांगितलं. आईने तिला गोडा मसाला दिला.

भाची : मग बघ ना! पडदा नव्हता तेव्हा बघारे बैंगन भिंत ओलांडून आपल्या ताटात आले. पडदा आल्यावर हलीम तुझ्या खोलीत आलं, पण भिंत आहे तिथेच आहे. तू त्यांची चूल बघितलीस असं म्हणतेस. तू कुणाची तरी, कॅमेऱ्यासाठी झाडूनपुसून ठेवलेली चूल बघितलीस. शेजारणीच्या स्वयंपाकघरात तू अजूनही गेलेली नाहीस. आणि आता तुला जावंसं वाटायची गरजही उरली नाही, कारण बघून झालंय.

आत्या : ती मुलाकडे टोलीचौकीला राहायला गेली.

भाची : फोन केलास कधी?

आत्या : केला. तो हलीमचा व्हिडिओ बघूनच केला. म्हटलं, तुमच्याकडे घोटायला कोण बसायचं? ती हसायला लागली. म्हणाली, घरात कोण घोटणार, आम्ही बाहेरूनच आणायचो, तुम्हाला इतकी वर्षं वाटत होतं की आमच्या घरात बनतं? अर्धा तास बोललो. तिलाही मधुमेह आहे.

भाची : हे तू आधी सांगितलं नाहीस.

आत्या : तू विचारलं कुठे? तू कापूस सांगत होतीस.

भाची : ठीक. तुझ्यापुरतं मान्य. पण आता बाहेरचं बघ. आमच्याच रस्त्यावरची गोष्ट आहे, माधापूरची, कुमारी आंटीची.

आत्या : ती ‘दोन लिव्हर जास्त’वाली?

भाची : तीच. दुर्गम चेरुवूच्या बाजूला रस्त्यावर भात, चिकन, लिव्हर असं जेवण विकणारी बाई. कित्येक वर्षं विकत होती, आमच्या ऑफिसातली पोरं जेवायची. मग यूट्यूबवाले आले. गिऱ्हाइकाला हिशेब सांगतानाचं तिचं एक वाक्य घरोघरी पोचलं. लोक जेवायला कमी आणि शूटिंगला जास्त यायला लागले. रस्ता तुंबला. जानेवारी २०२४ मध्ये वाहतूक पोलिसांनी गाडी लावायला मनाई केली. जिच्या हातच्या जेवणाचं कौतुक करायला सगळे आले, तिचीच चूल त्या कौतुकाने विझवली.

आत्या : आणि पेटवली कुणी? त्याच व्हिडिओंनी ना! एवढा गाजावाजा झाला की मुख्यमंत्री रेवंत रेड्डींनी लक्ष घातलं आणि तिला तिथेच धंदा करू द्या म्हणून सांगितलं. कॅमेरे नसते तर तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांना एका भातवालीचं नाव कळलं असतं का?

भाची : त्या रस्त्यावर ती एकटी नव्हती. बाकीच्या गाड्या उठवल्या तर त्यांच्यासाठी कोणता मुख्यमंत्री बोलणार? कॅमेरा एकीला उचलतो आणि तिच्या शेजारचीला अंधारात ठेवतो. सगळ्यांच्या जेवणाचा मामला एका चेहऱ्याचा होऊन बसतो. हे इथंच नाही. ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ तू बघितलास, २०११चा.

आत्या : दोनदा. तो शिकाऊ पोरगा अंड्याचा एक पदार्थ दोनशेहून अधिक वेळा करतो आणि म्हातारा नाही म्हणतो. शेवटी हो म्हणतो तेव्हा पोरगा रडतो. मला माझे गणितात नापास होणारे विद्यार्थी आठवले.

भाची : टोकियोच्या गिंझा भागातलं ते दुकान जेमतेम दहा खुर्च्यांचं. जगभर सिनेमा गेला. २०१९ साली मिशेलिनच्या मार्गदर्शिकेतून ते दुकान वगळलं गेलं, जेवण बिघडलं म्हणून नाही, सामान्य माणसाला तिथे जागाच मिळत नाही म्हणून. बघणारे लाखो आणि खुर्च्या दहा, हे गणित कुठेतरी कुणाला तरी बाहेर काढणारच.

आत्या : मग दहा खुर्च्यांचं दुकान बघायचंच नाही? ज्यांना टोकियो कधी दिसणार नाही त्यांनी काय करायचं? तू सगळं जागेवरून मोजतेस. मी माणसावरून मोजते. मस्तानम्मा आठवते?

भाची : तिला कोण विसरेल?

आत्या : आंध्रातली शंभरी पार केलेली बाई. २०१६ साली पणतूने आणि त्याच्या मित्राने तिच्यासमोर कॅमेरा धरला. शेतात चूल, तीन दगड, बस. आलं नखांनी सोलायची. कलिंगड पोखरून त्यात कोंबडी शिजवली, ते जगाने बघितलं. डिसेंबर २०१८ मध्ये गेली. तसेच तेलंगणातले ‘ग्रँडपा किचन’चे नारायण रेड्डी. पांढरी दाढी, उघड्यावर भलं मोठं पातेलं, आणि शिजवलेलं सगळं अनाथ मुलांना. २०१९च्या ऑक्टोबरात त्र्याहत्तराव्या वर्षी गेले तेव्हा साठ लाखांवर लोक त्यांचा चॅनल बघत होते. मला सांग, टीव्हीवर म्हातारी माणसं कशी दाखवतात? खोकणारी, नाही तर मृत्युपत्र लपवणारी. इथे म्हातारं माणूस मधोमध बसलंय आणि काहीतरी येतंय त्याला. मी त्यासाठी बघते. खाण्यासाठी नाही.

भाची : संकलक म्हणून सांगते, मस्तानम्माचे व्हिडिओ मला आवडतात. तिला कॅमेऱ्याची पडलेली नसायची. पण तिच्यामागून जे आलं ते बघ. भलं मोठं पातेलं चाललं, म्हणून त्याहून मोठं पातेलं आलं. मग शंभर अंड्यांचं आम्लेट, अख्खा बोकड, चीजचा डोंगर. कोरियात लोक आधीपासूनच कॅमेऱ्यासमोर ढिगाने खाऊन दाखवत होते, तो प्रकार जगभर पसरला. चीनने २०२१ साली अन्नाच्या नासाडीविरुद्ध कायदा केला त्यात असे अतिखाण्याचे व्हिडिओ बनवायला बंदी घातली आणि एक लाख युआनपर्यंत दंड ठेवला.

आत्या : खाणारे मलाही बघवत नाहीत. मचमच आवाज करत माणूस खातोय आणि मी त्याच्या तोंडाकडे बघतेय? मी शिजवणाऱ्यांची प्रेक्षक आहे. एवढा फरक तू करायला हवास. सगळ्यांना एकाच पातेल्यात घालू नकोस.

भाची : करते फरक. पण शिजवणारेसुद्धा सगळे दाखवत नाहीत ना! शिजवायच्या आधीचं आणि नंतरचं कुठे असतं? चिरलेल्या कांद्याच्या वाट्या ओळीने मांडलेल्या असतात. चिरल्या कुणी? पदार्थ झाला की संगीत वाजतं. पातेलं घासलं कुणी? हे दाखवणारा सिनेमा मी तुला आणून दिला, तर तू वीस मिनिटांत बंद केलास.

आत्या : ‘द ग्रेट इंडियन किचन’.

भाची : हो. जिओ बेबीचा, २०२१चा, मल्याळम. तेच चिरणं, तेच वाटणं, तेच खरकटं, मोरीखाली गळणारं पाणी आणि त्याची घाण. परत परत. मुद्दाम परत परत. संकलनाच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाला कळतं ते किती अवघड असतं. जिथे कापायचं तिथे त्यांनी कापलं नाही. बघणाऱ्याला भूक लागू नये, थकवा यावा म्हणून. मला तो खाण्यावरचा सगळ्यात खरा सिनेमा वाटतो. पुढे त्यावरून हिंदीत ‘मिसेस’ आला, २०२५ साली, सान्या मल्होत्राचा. आणि तू म्हणालीस, कंटाळवाणा.

आत्या : कंटाळवाणा म्हटलं, खोटा नाही म्हटलं. अगं, मला तो बघायची गरज काय? शाळेत जायच्या आधी आठ माणसांचं आणि आल्यावर परत आठ माणसांचं, हे मी पस्तीस वर्षं केलं. तुझे आजोबा गरम पोळीशिवाय बसायचे नाहीत. ती मोरी मी हातांनी साफ केलीय. ज्यांनी केली नाही त्यांना दाखव तो सिनेमा, तुझ्या बाबापासून सुरुवात कर. मला कशाला? जन्मभर मी शिजवलं आणि बाकीचे बसले. आता पहिल्यांदा दुसरं कुणीतरी शिजवतंय आणि मी बसलेय. पाय वर घेऊन. मला कुणी उठवत नाही, मीठ कमी झालं म्हणत नाही. तू विचारतेस ना, मी खात नाही तर बघते कशाला? मी दुसऱ्याला शिजवताना बघायला बसते. माझ्यासाठी तीच मेजवानी आहे.

भाची : याला माझ्याकडे उत्तर नाही.

आत्या : नको असू दे.

भाची : पण मग तुला ‘बॅबेट्‌स फीस्ट’ आवडायला हवा. डेन्मार्कचा, १९८७चा, ऑस्कर मिळालेला. पॅरिसमधून जीव वाचवून पळून आलेली स्वयंपाकीण दोन सोवळ्या बहिणींच्या घरी वर्षानुवर्षं साधं जेवण करते. लॉटरीत दहा हजार फ्रँक लागतात, ते सगळेच्या सगळे एका जेवणावर उधळते. आणि जेवायला आलेल्या कर्मठ मंडळींनी आधीच ठरवलेलं असतं की जेवणाबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

आत्या : बघितलाय. शेवटी ती स्वयंपाकघरात दमून बसते ना, ते मला ताटांपेक्षा आवडलं. ‘द लंचबॉक्स’मध्येही तसंच. इरफान डबा उघडून फक्त वास घेतो. त्याच्या चेहऱ्यावरून मला भाजी कशी झालीय ते कळलं. वरच्या मजल्यावरून भारती आचरेकरांचा नुसता आवाज येतो, देशपांडे आंटी म्हणून. बाई दिसत नाही, पण तिचा मसाला दिसतो.

भाची : बघ, म्हणजे तूच सांगतेस की चांगल्या सिनेमात पदार्थ कमी आणि माणूस जास्त असतो. त्यात चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या डब्याने दोन एकटी माणसं जोडली जातात. प्रकाश राजच्या ‘उलवचारु बिर्याणी’त चुकीच्या नंबरवर लागलेल्या फोनने जोडली जातात. आपल्या ‘गुलाबजाम’मध्ये लंडनची नोकरी सोडून आलेला मुलगा सोनाली कुलकर्णीच्या दारात जाऊन बसतो, शिकवा म्हणून. प्रत्येक वेळी कुणीतरी कुणाच्या तरी दाराशी जातं. आणि आपण काय करतो? दार लावून ते बघतो. अमीरपेटच्या हॉस्टेलमध्ये मी राहात होते तेव्हा एका खोलीत तीन मुली, तिघींचे मोबाईल पाण्याच्या बाटल्यांना टेकवलेले. मेसचा पाणीदार सांबार पुढ्यात, आणि पडद्यावर दुसरं कुणीतरी जेवतंय. तिघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. जपानची ती मालिका आहे ना, ‘सॉलिटरी गुर्मे’, २०१२पासूनची. मध्यमवयीन विक्रेता कामासाठी फिरतो आणि प्रत्येक भागात कुठेतरी एकटा जेवतो. एकट्याने जेवणाऱ्यांची ती सोबत झाली. सोबत झाली हे खरं. पण एकटेपणा आहे तिथेच राहिला, उलट सोयीचा झाला.

आत्या : त्या मुली तुझ्या मोबाईलमुळे एकट्या नाहीत. त्या पाणीदार सांबारामुळे एकट्या आहेत. घरापासून पाचशे किलोमीटरवर, तासाच्या हिशेबाने नोकरी, वाढणारं कुणी नाही. मोबाईल काढून घेतलास तर भिंतीकडे बघून जेवतील. तुझे काका गेल्यावर मी दोन वर्षं रेडिओ लावून जेवले. तेव्हा मला कुणी व्यसनी म्हटलं नाही.

भाची : रेडिओ तुझ्याकडून जास्त वेळ मागत नव्हता. मला चीड येते ती त्याची. आमच्याकडे रोज आलेख येतो, लोक कोणत्या सेकंदाला निघून गेले त्याचा. मी तो बघून कापते. आणि तो आलेख म्हणजे तू आहेस, आत्या. पाय वर घेऊन आरामात बसलेली. तुझा आराम आमच्याकडे मोजला जातो आणि विकला जातो.

आत्या : हे मात्र मला आवडलं नाही.

भाची : म्हणून तर सांगतेय.

आत्या : बरं, मग कसोटी काय लावायची? सगळं बंद करणार नाही मी. आधीच सांगते.

भाची : तू सांग. तू मास्तरीण आहेस.

आत्या : बघून झाल्यावर कुणाची तरी आठवण व्हायला हवी. फोन करावासा वाटला, जेवायला बोलवावंसं वाटलं, तर ते बघणं कारणी लागलं.

भाची : ‘द ग्रेट इंडियन किचन’ बघून कुणी कुणाला जेवायला बोलावणार नाही.

आत्या : नको बोलावू देत. निदान आपलं ताट आपण उचलायला तरी उठेल की नाही? तेही चालेल. फोनपाशी जाणं असो की मोरीपाशी, बघणाऱ्याने उठायला हवं. तुझा बाबा उठला तर त्या दिग्दर्शकाला मी हळदीकुंकू लावीन.

भाची : आणि जे बघून उठावंसं वाटत नाही, फक्त पुढचं लागावंसं वाटतं, ते?

आत्या : ते फुकट. पण तेही थोडं चालायला हवं. इतक्या वर्षांनी बसायला मिळालंय. मला रोज उठवू नकोस.

भाची : तडजोड करू. सेटिंगमध्ये एक खूण आहे. ती काढली की पुढचा भाग आपोआप लागत नाही. बघायचा असेल तर आपण होऊन लावायचा.

आत्या : अशी सोय आहे? मग दोन वर्षं मला सांगितलं का नाहीस? काढ, आत्ताच्या आत्ता काढ. पुढचा भाग बघायचा की झोपायचं ते मी ठरवीन, एवढी अक्कल मला आहे.

भाची : घे, काढली. आणि हे यूट्यूबवरचे हलीमवाले? यांचंही बंद करू?

आत्या : नक्को. त्यांना हात लावायचा नाही. पुढच्या रविवारी टोलीचौकीला जायचंय, आणि त्या बाईला अजून माहीत नाही की हलीममध्ये गहू किती वेळ भिजवतात. ते तिला मी सांगणार आहे.